सिझरनंतर अंगात काय काय होतं: कशाला घाबरायचं नाही, कशासाठी थांबायचं नाही

सिझर ठरलं की घरच्यांना घाईघाईत दोन गोष्टी सांगितल्या जातात: इथे सही करा, आणि रक्ताची सोय बघून ठेवा. बाळ बाहेर येतं, टाके पडतात, पाच-सात दिवसांनी सुट्टी होते, हातात गोळ्या आणि कार्ड येतं. पण या सगळ्यात बाईच्या अंगाला काय काय होणार आहे, हे तिला बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. मग उलटंच घडतं. टेबलावर अंग थडथड कापायला लागलं की तिला वाटतं, आता आपण जगत नाही. आणि घरी आल्यावर आठव्या दिवशी डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘बाळंतपणात होतंच असं’ म्हणून दोन दिवस अंगावर काढते. त्यातलं कापरं निरुपद्रवी असतं. डोकेदुखी मात्र जिवावर बेतू शकते.

विदर्भाच्या खेड्यांत हा फरक आधीच माहीत असणं जास्त गरजेचं आहे, कारण इथे अंतर मोठं आहे. एटापल्लीच्या आतल्या गावातून किंवा मेळघाटातून ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात पोचायला तास-तास लागतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. तिथे ‘सकाळी बघू’ म्हणणं परवडत नाही.

टेबलावर असताना

बहुतेक सिझर आता पाठीत सुई देऊन होतात. बाईला बसवून किंवा कुशीवर वळवून कमरेच्या मणक्यांमधल्या फटीतून अगदी बारीक सुई आत घालतात. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या भागात, मणक्यातल्या पाण्यात, जेमतेम दोन मिलीलीटर औषध सोडतात. पाच-दहा मिनिटांत छातीच्या खालपासून पायाच्या बोटांपर्यंतचं दुखणं थांबतं. पण त्याच औषधाने रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसाही सैल पडतात. रक्त पायांकडे साचतं, बीपी उतरतो आणि बाईला एकदम मळमळतं, घाम फुटतो, कानात गुंगुं होतं. हे भूल दिल्यावर पहिल्या काही मिनिटांतच होतं. अशा वेळी लाजून गप्प राहायचं नाही. ‘मळमळतंय’ एवढं म्हटलं तरी भुलीच्या डॉक्टरांना कळतं की बीपी खाली आला असणार. सलाईन वाढवून आणि बीपी वर आणणारं इंजेक्शन देऊन तो थोड्याच वेळात जागेवर येतो. उजव्या कुल्ल्याखाली उशी किंवा चादरीची घडी ठेवतात तीही याचसाठी. गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवरून बाजूला सरकतं.

दुसरी घाबरवणारी गोष्ट म्हणजे ‘श्वास घेता येत नाही’ असं वाटणं. भूल छातीपर्यंत चढली की छाती वर-खाली होतेय हे जाणवत नाही, म्हणून श्वास अडकल्यासारखा वाटतो. बाई नीट बोलू शकत असेल, हाताची मूठ आवळू शकत असेल, तर श्वास व्यवस्थित चाललेला असतो. पण आवाज बारीक व्हायला लागला किंवा हाताची बोटंही बधिर वाटायला लागली, तर लगेच सांगावं. याचा अर्थ भूल गरजेपेक्षा वर चढते आहे.

तिसरी गोष्ट ओढाताणीची. पाठीतल्या सुईने दुखणं जातं, स्पर्श मात्र पूर्ण जात नाही. चिरा घेतल्यापासून बाळ बाहेर यायला साधारण पाच-दहा मिनिटं लागतात आणि त्या वेळी पोटाच्या वरच्या भागावर चांगला जोर देऊन दाबतात. बाईला धक्के बसतात, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. नंतरची अर्धा-पाऊण तासाची शिलाई चालू असताना बऱ्याच ठिकाणी गर्भाशय चिऱ्यातून बाहेर काढून शिवतात. त्या ओढीनेही उलटी येते, कधी खांदा दुखतो. एवढं अपेक्षित आहे. कापल्याचं खरं दुखणं मात्र अपेक्षित नाही. चिरा घेण्याआधी डॉक्टर चिमटा काढून किंवा थंड बोळा लावून विचारतात, तेव्हा खरं ते सांगायचं, उगाच ‘चालेल’ म्हणायचं नाही. मध्येच दुखलं तरी बोलायचं. आणखी औषध देता येतं, गरज पडली तर पूर्ण भूलही देता येते. दुखणं सोसून ऑपरेशन करून घेण्याची सक्ती कुणावरही नाही.

आणि ते कापरं. दात वाजतात, हात-पाय थरथरतात, शेजारच्या सिस्टरला बाईचा हात धरावा लागतो. भुलीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, आतली ऊब बाहेर निघून जाते, खोली थंड असते, सलाईनही थंड असते. सिझरमध्ये कापरं भरणं इतकं नेहमीचं आहे की ते आधी न सांगणं हीच चूक म्हणावी लागेल. ते अर्ध्या-एक तासात उतरतं, ब्लँकेट आणि कोमट सलाईनने लवकर उतरतं. रक्तस्राव थांबावा म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या जिभेखाली किंवा शौचाच्या जागेतून दिल्या असतील, तर थंडी वाजून तापही चढतो. तो काही तासांत आपोआप जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेला ताप मात्र या गोळ्यांचा नसतो.

पाठीतली भूल पुरली नाही किंवा घाईचं सिझर असलं, तर शिरेतून केटामाईन देतात. लहान दवाखान्यांतही हे औषध वापरलं जातं, कारण त्याने श्वास चालू राहतो आणि बीपी टिकतो. त्याचा एक परिणाम घरच्यांना हमखास घाबरवतो. भूल उतरताना बाई असंबद्ध बोलते, रडते, भलतंसलतं दिसल्याचं सांगते, डोळे फिरवते. हे औषधाचं काम आहे, बाहेरच्या बाधेचं नाही. खोली शांत ठेवायची, दिवा मंद करायचा, चार माणसांनी हाका मारून तिला उठवायचं नाही. काही तासांत ती ताळ्यावर येते.

ऑपरेशनच्या आधीची एक बाब याच ओघात सांगायला हवी. ठरवून केलेल्या सिझरला सहा तास आधीपासून जेवण बंद ठेवतात, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ‘उपाशी पोटी बाळंतपण कसं होईल’ म्हणून घरची माणसं लपवून बिस्कीट-चहा देतात. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात उतरतं. हा प्रकार जीव घेऊ शकतो. खाल्लं असेल तर लपवू नये. डॉक्टर त्याप्रमाणे भूल देण्याची पद्धत बदलतात.

डोकं दुखतंय? आधी आडवं होऊन बघा

सिझरनंतरच्या डोकेदुखीचे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण तिन्हींचे उपचार वेगळे आहेत.

पहिला प्रकार पाठीतल्या सुईचा. सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी थोडं थोडं झिरपत राहिलं की मेंदूभोवतीचा दाब कमी होतो. बाई उठून बसली की कपाळ आणि मानेच्या मागे कळ येते, आडवी झाली की काही मिनिटांत उतरते. उठल्यावर वाढणं आणि झोपल्यावर जाणं हीच त्याची खूण. पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होतं, कधी चार-पाच दिवसांनीही. बारीक सुईमुळे हे आता थोड्याच बायकांना होतं. भरपूर पाणी, पॅरासिटामॉल, चहा किंवा कॉफी यांवर बहुतेकींचं आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. चहातलं कॅफीन इथे खरोखर औषधाचं काम करतं. बाईला बसताच येत नसेल, बाळाला पाजणं अवघड होत असेल, तर मोठ्या दवाखान्यात तिचंच थोडं रक्त काढून पाठीत त्या छिद्राजवळ सोडतात. रक्त गोठून छिद्र बुजतं आणि आराम पडतो.

दुसरा प्रकार बीपीचा. बाळ झालं की बीपीचा धोका संपला, हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. बाळंतपणानंतर बीपी बऱ्याचदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातो. गरोदरपणात बीपी नॉर्मल असलेल्या बाईचाही वाढू शकतो. हे डोकं झोपूनही थांबत नाही. सोबत डोळ्यांपुढे काजवे, धूसर दिसणं, छातीखाली उजवीकडे दुखणं, तोंडावर सूज असते. पुढची पायरी झटके येण्याची. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. १६०/११० असेल तर एक तासही घालवू नये. आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टर बीपी मोजू शकतात. तेवढ्यासाठी तालुक्याला जाण्याची गरज नाही.

तिसरा प्रकार मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा. गरोदरपणापासून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बाईचं रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून निसर्गाची ती सोय आहे. त्यात अंगातलं पाणी आटलं तर गाठ व्हायला निमित्त मिळतं. रोज वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, झटका, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं ही लक्षणं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसतात. त्याला ‘बाळंतवात’ म्हणून तेल चोळत बसू नये. वेळेत रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं तर बहुतेक बायका बऱ्या होतात.

पाणी आणि शेक

बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, नाहीतर पोट सुटतं, टाके पिकतात, बाळाला सर्दी होते, असं आजही अनेक घरांत मानतात. यातलं काहीच पाण्याने होत नाही. टाके जंतूंमुळे पिकतात. पाणी तोडलं तर मात्र दूध कमी होतं, लघवीला जळजळ होते, शौच घट्ट होऊन टाक्यांवर ताण येतो, आणि वर सांगितलेली रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या आसपास असताना बंद खोलीत, स्वेटर-कानटोपी घालून बसवलेल्या बाईला दिवसाला दोन-तीन पेले पाणी देणं म्हणजे तिला उघड धोक्यात ढकलणं आहे. रोज अडीच-तीन लिटर पाणी पोटात जायला हवं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बाळाला पाजायला घेतलं की शेजारी पाण्याचा पेला ठेवायचा, एवढी सवय लावली तरी हिशोब जुळतो. पाणी उकळून कोमट द्यायचं असेल तर जरूर द्या. थंड की गरम हा वाद नाही, पुरेसं असलं पाहिजे.

शेकाचं जरा सविस्तर सांगायला हवं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून, वरून ओवा-बाळंतशोपा टाकून शेक देतात. सिझर झालेल्या बाईला त्यात एक जास्तीचा धोका आहे आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चिरा घेताना कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे टाक्यांच्या वरचा तळहाताएवढा भाग बधिर असतो. तिथे बोट फिरवलं तर कापडावरून फिरवल्यासारखं लागतं. त्या जागी गरम वीट, निखारा किंवा गरम पाण्याची पिशवी लागली तर बाईला चटका कळतच नाही. कळतो तेव्हा फोड आलेला असतो, टाक्यांशेजारी भाजलेली जखम झालेली असते. शिवाय दारं-खिडक्या लावून कोळसा पेटवला की जो विषारी वायू साठतो त्याला ना वास ना रंग. आई आणि बाळ दोघंही झोपेत दगावू शकतात. शेक द्यायचाच असेल तर पाठीला, पायांना, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने द्या. पोटाला नको, आणि खोलीत पेटती शेगडी नकोच.

बधिरपणा हळूहळू सहा महिने ते वर्षभरात कमी होतो. मध्ये मुंग्या येतात, खाज सुटते. काहींचा थोडा भाग कायम बधिर राहतो. त्याने काही बिघडत नाही.

पहिला आठवडा

टाक्यांपेक्षा गॅसने जास्त हैराण केलं, असं सांगणाऱ्या बायका खूप. पोट उघडलं की आतडी काही काळ काम थांबवतात. हवा साठून पोट ढोलासारखं ताणतं, आत राहिलेली हवा छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली जाऊन खांद्यात कळ मारते. यावर उपाशी ठेवणं हा उपाय नाही. उलटी नसेल तर काही तासांत घोट-घोट पाणी, मग पातळ वरण, मऊ भात असं लवकर सुरू केलं की आतडी लवकर चालू लागतात. च्युइंगम चघळल्यानेही मदत होते. चघळण्याने आतड्यांना जेवण येतंय असा इशारा मिळतो. सगळ्यात मोठं औषध चालणं. पायात बळ आलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, कुणाचा तरी हात धरून. उठताना सरळ बसू नये. आधी कुशीवर वळावं, पाय बाजेखाली सोडावेत, मग हाताच्या जोरावर उठावं. खोकताना आणि हसताना टाक्यांवर उशी दाबून धरावी.

पोट फुगतच चाललं, हिरव्या उलट्या होतायत, वारा सरत नाही, असं दोन दिवस राहिलं तर तो साधा गॅस नव्हे.

पायांची सूज सिझरनंतर दोन-तीन दिवस वाढते, कारण सलाईनचं पाणी अंगात साठतं. दोन्ही पाय सारखे सुजतात आणि आठवडा-दहा दिवसांत उतरतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर तिथे गाठ झालेली असू शकते. तो पाय चोळायचा नाही. गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर अचानक दम लागतो आणि छातीत दुखतं.

पाजताना ओटीपोटात कळ येते ती गर्भाशय आकसण्याची. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात जास्त येते. दूध सिझरनंतर एखादा दिवस उशिरा भरतं, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. तोवर येणारा पिवळसर चीक थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. ‘सिझरचं दूध येत नाही’ म्हणून मध, गुटी किंवा डब्याचं दूध सुरू केलं की बाळ ओढत नाही, आणि न ओढल्यामुळे दूध खरोखरच कमी होतं. पाठीतल्या भुलीने दूध खराब होत नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसारख्या नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या पाजत्या आईला चालतात. कुशीवर झोपून पाजलं तर टाक्यांवर बाळाचं वजन येत नाही.

लघवीची नळी साधारण १२ ते २४ तासांत काढतात. त्यानंतर सहा तासांत लघवी व्हायला हवी. होत नसेल, ओटीपोट टणक लागत असेल, तर सिस्टरला सांगा. भुलीनंतर मूत्राशय सुस्त राहतं आणि जास्त ताणलं तर पुढे अनेक दिवस त्रास देतं. नकळत लघवी गळत राहिली तर तेही सांगायचं. लाजायचं नाही.

अंगावरून जाणारं रक्त सिझरनंतरही चार ते सहा आठवडे जातं. बाळ पोटातून काढलं तरी गर्भाशयाची आतली जागा भरून यायची असतेच. आधी लाल, मग तपकिरी, मग पांढरट-पिवळं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय आणि दुसऱ्या तासालाही तसंच, लिंबाहून मोठ्या गुठळ्या पडतायत, किंवा घाण वास येतोय, तर निघायची तयारी करा.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक घ्यायच्या असतात. त्यांनी शौच काळी होते आणि घट्ट होते. काळं बघून अनेक जणी गोळ्या बंद करतात. तो रंग लोहाचाच असतो. गोळी जेवणानंतर, लिंबाच्या सरबतासोबत घ्यावी. कॅल्शियमची गोळी मात्र त्याच वेळी घेऊ नये, ती लोह शोषू देत नाही.

टाके

बाहेरून दिसतो तो १०-१५ सेंटिमीटरचा चिरा, पण शिलाई आत अनेक थरांची असते: गर्भाशय, स्नायूंवरचं जाड वेष्टण, कातडी. बाहेरचे टाके सातव्या ते दहाव्या दिवशी काढतात किंवा विरघळणारे असतात. आतलं वेष्टण पक्कं व्हायला आठवडे लागतात. म्हणून ‘टाके सुकले’ असं दिसलं तरी दीड महिना हापशावरून गुंड उचलायचा नाही आणि कापसाचं गाठोडं डोक्यावर घ्यायचं नाही. बाळाच्या वजनापेक्षा जड काही नको. या काळातच घाई झाली तर पुढे चिऱ्यातून हर्निया येतो.

जखम बहुधा चौथ्या ते दहाव्या दिवसात बिघडते, म्हणजे नेमकी घरी आल्यावर. कडा लाल होतात, हात लावला तर गरम लागते, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, पू येतो, ताप १००.४ च्या वर जातो. पोटाची घडी चिऱ्यावर येते आणि उन्हाळ्यात तिथे घाम साचतो. पट्टी काढल्यावर साध्या साबण-पाण्याने अंघोळ करावी, जागा टिपून कोरडी करावी, घडीखाली धुतलेल्या मऊ सुती कापडाची पट्टी ठेवावी आणि ओली झाली की बदलावी. हळद, राख, तेल, पावडर काहीही लावू नये. पोट बांधायचं असेल तर सैल बांधावं, जखम पूर्ण कोरडी असेल तरच.

जखमेतून अचानक गुलाबी पाण्याचा लोट आला तर आतली शिलाई सुटत असल्याची ती खूण असू शकते, वरून टाके जागेवर दिसत असले तरी. बाईला आडवी ठेवा, काही खायला-प्यायला देऊ नका, जखमेवर उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड ठेवा आणि १०८ ला फोन करा. आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलू नका.

कंबरदुखीचा दोष मात्र सर्रास पाठीतल्या सुईवर येतो, वीस वर्षांनीसुद्धा. सुईची जागा काही दिवस ठणकते, तेवढंच. महिनोन् महिने दुखणारी कंबर ही गरोदरपणात सैल झालेले सांधे, वाकून पाजणं, कमी रक्त, आणि लगेच सुरू झालेलं शेतातलं काम यांची असते. पाठ टेकून, मांडीवर उशी घेऊन बाळाला छातीशी आणलं तर बराच फरक पडतो.

सिकलसेल असेल तर

विदर्भाच्या पूर्व भागात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत आहे. ‘एएस पॅटर्न’ म्हणजे वाहक. त्यांना सहसा सिझरमध्ये वेगळा त्रास होत नाही. ‘एसएस पॅटर्न’ म्हणजे प्रत्यक्ष आजार. तो असलेल्या बाईचं गणित वेगळं आहे. थंडी, पाण्याची कमतरता, कमी ऑक्सिजन आणि जंतुसंसर्ग या चारही गोष्टींनी तिच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. ऑपरेशनच्या आसपास या चारही एकत्र येऊ शकतात. इतरांसाठी किरकोळ असलेलं कापरंही तिच्यासाठी किरकोळ नाही. तिला उबदार ठेवावं लागतं, सलाईन आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवावं लागतं, जुळणारं रक्त आधी तयार ठेवावं लागतं, गाठी होऊ नयेत म्हणून इंजेक्शनंही द्यावी लागू शकतात. म्हणून सिकलसेलचं कार्ड फाईलच्या सगळ्यात वर ठेवा आणि भुलीच्या डॉक्टरांना तोंडानेही सांगा. सिझरनंतर छातीत दुखणं, ताप आणि दम हे तिघे एकत्र आले तर तो खोकला-सर्दीचा विषय नसतो. तिला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावं लागतं. पाणी तोडण्याची रीत सगळ्यात महाग पडते ती या बाईलाच.

मन

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विनाकारण रडू येणं, चिडचिड होणं हे संप्रेरकं एकदम उतरल्यामुळे होतं आणि दहा-बारा दिवसांत ओसरतं. ठरलेलं नसताना सिझर झालं तर ‘मला साधं बाळंतपणही जमलं नाही’ अशी बोच लागते. त्यात कुणी ‘आमच्या वेळी घरीच व्हायचं’ म्हणालं की ती आणखी खोल जाते. हे बोलणं घरातल्या मोठ्यांनी टाळावं, अगदी मनावर घेऊन टाळावं. बाळ अडलं होतं किंवा त्याचे ठोके उतरत होते, यात बाईची कसलीच कसूर नाही.

दोन आठवड्यांनंतरही झोप, भूक आणि बाळाबद्दलची ओढ परतली नसेल तर ते नैराश्य असू शकतं. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, फुकट बोलता येतं. आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाई रात्र-रात्र झोपत नाही, कानात आवाज येतात म्हणते, बाळ आपलं नाहीच म्हणते, तर तिला आणि बाळाला एकटं सोडू नका. देवऋषाकडे न नेता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या. हा बरा होणारा आजार आहे.

सुट्टी, गाडी आणि पुढचं बाळंतपण

सरकारी दवाखान्यात जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली, २०११ पासून, सिझर, औषधं, रक्त आणि सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे. घरून दवाखान्यात आणणं आणि सुट्टीनंतर घरी सोडणंही त्यात येतं. त्यासाठी १०२ ची गाडी मागा. ताज्या टाक्यांनी मोटारसायकलवर मागे बसून खड्ड्यांतून तीस किलोमीटर येण्याचं काहीच कारण नाही.

घरी आल्यावर आशाताई सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याची ही पद्धत गडचिरोलीच्या गावांतच घडली, पुढे देशभर गेली. आशाताई बाळासाठी येते, पण तिला टाकेही दाखवा, बीपीही मोजायला सांगा. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. त्रास असूनही न बोलण्याची ही सवय सिझरनंतर फार घातक ठरते.

पुढचा गर्भ निदान दीड-दोन वर्षं राहू देऊ नये. गर्भाशयावरची शिवण कच्ची असताना पोट वाढलं तर ती ताणते. तांबी (कॉपर-टी) सिझरच्या वेळीच बसवता येते. तशी बसवली आहे का हे सुट्टीआधी विचारून कार्डावर लिहून घ्या, कारण सिझरमध्ये बसवलेल्या तांबीचा धागा कधी कधी लगेच बाहेर दिसत नाही. पुढच्या वेळी वार जुन्या शिवणीवर रुजण्याचा धोका असतो. म्हणून सोनोग्राफीत ‘वार कुठे आहे’ हे मुद्दाम विचारायचं. पुढचं बाळंतपण सिझर आणि रक्त दोन्हींची सोय असलेल्या ठिकाणीच करायचं, साधी प्रसूती करून बघायची असली तरी. शिवण फाटण्याची शक्यता कमी असते, साधारण दोनशेत एक, पण ती वेळ आली तर हातात मिनिटं असतात.

सुट्टीच्या कार्डावर या गोष्टी आहेत का तपासा: सिझर कशामुळे झालं, गर्भाशयावरचा चिरा आडवा की उभा, रक्त किती पिशव्या दिलं, भूल कोणती दिली आणि तिचा त्रास झाला का, सिकलसेलचा पॅटर्न, सुट्टीच्या दिवशीचा बीपी. नसतील तर सिस्टरकडून तिथल्या तिथे लिहून घ्या. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, आणि एक फोटो माहेरच्या माणसाकडेही पाठवा.